दोन कुटुंबं, दोन चिल्लीपिल्ली आणि अंदमान

आज टेक नाही, करिअर नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज सुट्टी. म्हणजे सुट्टीचं प्लॅनिंग, जे बऱ्याचदा सुट्टीपेक्षा जास्त दमवतं.

तर आम्ही फेब्रुवारीत सहा रात्रींसाठी अंदमानला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि आमची सव्वादोन वर्षांची मुलगी. सोबत माझी इंजिनीअरिंगच्या होस्टेलमधली रूममेट, तिचा नवरा आणि त्यांचा मुलगा, वय तेव्हा एक वर्ष अकरा महिने. मुलांची खरी नावं इथे घेत नाही. आमची चिमणी आणि त्यांचा ढम्या. या नावाला ढम्याच्या आईची परवानगी घेतलेली आहे, नोंद असावी.

परत आल्यापासून ऑफिसात जो तो म्हणतोय, आयटिनररी पाठव. पाठवते की. पण आयटिनररी तुम्हाला कुठेही मिळेल. कुठला बीच, कुठली बोट, कुठे जेवायचं, सगळं दहा मिनिटांत सापडतं. आमचं खरं प्लॅनिंग झालं ते डिसेंबरातल्या एका रविवारी, मैत्रिणीच्या घरी, मुलं झोपल्यावर. तीन तास बसलो होतो. त्यातला बीचबद्दलचा भाग जेमतेम वीस मिनिटांचा होता. बाकीचं काय बोललो, ते आज सांगते.

आधी तारखा, कारण तिथूनच पहिली वादावादी सुरू झाली. विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं आणि त्याचे पैसे कमी लागतात. दोन पूर्ण झाली की त्याला स्वतःची सीट, स्वतःचं तिकीट. आणि हे वय परतीच्या दिवशीसुद्धा दोनच्या आत असायला हवं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ढम्याचा वाढदिवस मार्चमध्ये. मैत्रिणीचा नवरा एक्सेल उघडूनच बसला होता. फेब्रुवारीत गेलो तर एवढे वाचतात, मार्चमध्ये गेलो तर एवढे जातात. माझं मत आजही वेगळं आहे. बारा किलोचं, सतत वळवळणारं पोर पुणे ते चेन्नई आणि चेन्नई ते अंदमान मांडीवर घेऊन बसायचं, त्यात वाचलेले पैसे फिजिओथेरपीला लागतील. पण फेब्रुवारी समुद्रासाठी चांगला, म्हणून मी गप्प बसले. मे ते सप्टेंबर तिकडे पावसाळा, नंतर वर्षाअखेरपर्यंतही पाऊस आणि मधूनच एखादं वादळ. जानेवारी ते मार्च समुद्र बराच शांत असतो. मुलांना घेऊन जायचं तर हेच महिने. जन्मदाखला सोबत ठेवा, एअरपोर्टवर वयाचा पुरावा मागतात. टेकऑफ आणि लँडिंगला मुलाला काहीतरी प्यायला किंवा चोखायला द्या, गिळताना कानाचे दडे सुटतात.

आता सूर्य. हा मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेला भाग आहे, थोडं सहन करा.

अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे. पुण्याचं रेखांश साधारण ७४ अंश, तिकडचं साधारण ९३. एका अंशाला चार मिनिटं धरा, म्हणजे सूर्य तिथे आपल्यापेक्षा सव्वा तास लवकर उगवतो आणि सव्वा तास लवकर मावळायला बघतो. पण घड्याळ तेच, भारतीय वेळ. म्हणजे फेब्रुवारीत सकाळी सहाला उजाडलेलं असतं आणि साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. डिसेंबरात तर पाचच्या आसपासच.

आता हे दोन वर्षांच्या मुलाच्या दिवसावर ठेवून बघा. चिमणी घरी एक ते तीन झोपते. उठणार, रडणार, काहीतरी खाणार, कपडे, टोपी, सनस्क्रीन, करत करत साडेचार. बीचवर पोचेपर्यंत पाच. अर्ध्या तासात अंधार! म्हणजे "संध्याकाळी बीचवर जाऊ" हे पुण्यातून सोपं वाटणारं वाक्य तिथे चालतच नाही. म्हणून आम्ही अख्खा दिवस पुढे ओढला. निघायच्या आधी आठवडाभर मुलांना रोज दहा-पंधरा मिनिटं लवकर झोपवत गेलो. तिथे सकाळी साडेसहाला नाश्ता, सात ते दहा बीच, साडेअकराला जेवण, बारा ते दोन झोप, मग तीन ते सूर्यास्त पुन्हा बाहेर. सात वाजता दोन्ही पोरं गाढ. माझ्या मते या ट्रिपमधला सगळ्यात उपयोगी निर्णय हाच होता, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

सूर्याबरोबर भरती-ओहोटी. कोकणातल्या श्रोत्यांना मी हे शिकवायला नको, पण आम्हा देशावरच्या लोकांना समुद्र म्हणजे चोवीस तास सारखाच असं वाटतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त मागे जातं. स्वराज द्वीपच्या, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकच्या, पूर्व किनाऱ्यावर, विजयनगर-गोविंदनगरच्या बाजूला, ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि खडक, मेलेलं प्रवाळ उघडं पडतं. मोठ्यांना फोटोला मस्त, पण छोट्या पायांना कापणारं. पश्चिमेचा राधानगर बीच मात्र सरळ वाळूचा. २००४ मध्ये टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम बीच म्हटलं होतं, तोच तो. आम्ही हॉटेल पूर्वेला घेतलं, ते स्वस्त पडलं, आणि ज्या दिवशी सकाळी ओहोटी होती त्या दिवशी रिक्षा करून राधानगरला गेलो. टाइड टेबल नेटवर मिळतं, तारखा ठरवतानाच बघून ठेवा.

नावांचा घोळ होऊ नये म्हणून सांगते. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप २०१८ मध्ये झालं. पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम २०२४ मध्ये. बुकिंगच्या साइटवर जुनी-नवी दोन्ही नावं दिसतात, तेव्हा दोन्ही टाकून शोधा.

बोटीबद्दल एकच नियम, आणि तो पाळाच. परतीचं विमान आणि बेटावरून परतीची बोट एकाच दिवशी ठेवायची नाही. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, त्यांना तुमच्या पीएनआरशी काही देणंघेणं नसतं. आम्ही पहिली रात्र श्री विजयपुरमला, चार रात्री स्वराज द्वीपला, शेवटची रात्र पुन्हा श्री विजयपुरमला, असं केलं. बोट दीड ते अडीच तास घेते, कुठली घेता त्यावर अवलंबून. सकाळची घ्या. आणि गंमत अशी की दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना बोट लागायचं प्रमाण कमीच असतं. आमच्याकडे बोट लागली ती माझ्या नवऱ्याला. चिमणी त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. मुलांना उलटीचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका, त्यातली काही दोन वर्षांखालच्या मुलांना चालतच नाहीत. निघायच्या आधी बालरोगतज्ज्ञांकडे एक चक्कर मारा, ताप, जुलाब, अ‍ॅलर्जी यांचे डोस मुलाच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या. स्वराज द्वीपला सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण मोठं हॉस्पिटल म्हणजे श्री विजयपुरमचं जी. बी. पंत, आणि मध्ये समुद्र आहे. हे डोक्यात ठेवून बॅग भरा.

काय गाळलं तेही सांगते. शहीद द्वीप गाळलं, कारण प्रत्येक नवीन बेट म्हणजे पुन्हा बोट, पुन्हा बॅगा, पुन्हा नवी खोली आणि नव्या खोलीत पहिल्या रात्री न झोपणारी मुलं. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा गाळल्या. त्यासाठी पहाटे काळोखात निघून जारवांच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात जावं लागतं, मध्ये थांबता येत नाही. डायपर बदलायला ताफा थांबणार नाही. आणि खरं सांगू का, कुणाच्या घरातून गाडीने जात त्यांना बघायला मिळतंय का म्हणून खिडकीला नाक लावणं मला मुळातच पटत नाही.

सेल्युलर जेल मात्र गाळणं शक्यच नव्हतं. मराठी घरातून अंदमानला निघालात आणि आजोबांनी "सावरकरांची कोठडी बघून या" म्हटलं नाही, असं होत नाही. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो आम्ही सोडला, मुलांच्या झोपेच्या वेळेला येतो. सकाळी गेलो. मधल्या मनोऱ्यापासून सात भुजा होत्या, आता तीनच उरल्यात. कोठडी वरच्या मजल्यावर, जिने बरेच. प्रॅम न्यायचीच नाही, जेलमध्येही नाही आणि वाळूवर तर नाहीच. पाठीवर बांधायचं कॅरियर न्या. ढम्या बाबाच्या पाठीवर झोपला, चिमणी त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये धावली. थोडं विचित्र वाटलं, पण तिथून फोन केल्यावर माझे बाबा पलीकडे काही वेळ बोललेच नाहीत. त्यांच्यासाठी ती सकाळ वसूल होती.

आता त्या रविवारकडे येते. ट्रिपच्या जागा तर आपण सगळेच ठरवतो. दुसऱ्या कुटुंबाबरोबर जाताना जे विषय अवघड असतात, ते मात्र "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडून देतो. आणि तिथे गेल्यावर, उन्हात, भुकेल्या मुलांसमोर, ते विषय बघण्याची अवस्था कुणाचीच नसते. मला ही मैत्रीण दहा वर्षांनंतरही हवी होती, म्हणून मीच यादी काढून बसले.

पहिला विषय पैसे. आमचे पगार सारखे नाहीत, हे दोघींना माहीत आहे आणि दोघी कधी बोलत नाही. त्यांना समुद्रासमोरचं कॉटेज हवं होतं. आम्ही नुकतीच फ्लॅटची बुकिंग अमाउंट भरली होती. मी सरळ म्हणाले, खोलीचं एका रात्रीचं भाडं आमच्याकडून एवढ्यावर जमणार नाही. ती म्हणाली, मग फरक आम्ही घालतो. मी नाही म्हणाले, कारण मग सहा दिवस मी प्रत्येक गोष्टीला "हो, चालेल" म्हणत बसले असते. दोन मिनिटं शांतता. मग मधलं हॉटेल निघालं, समुद्रापासून चार पावलं मागे, शेजारशेजारच्या दोन खोल्या, मध्ये एक व्हरांडा. खोली, विमान, बोट हे टीटीएमएम, तुझं तू माझं मी. जेवण, रिक्षा, शहाळी यासाठी दोन्ही घरांनी १५-१५ हजार एका पाकिटात टाकले. रोख. २०२० पासून समुद्राखालच्या केबलने तिथलं नेट पूर्वीपेक्षा खूप सुधारलंय, पण बेटावर दुकानदारासमोर फोन हवेत धरून यूपीआयचं चक्र फिरताना बघायचं नसेल तर रोख ठेवा. पाकीट असल्याने "कालचं तू दिलंस, आजचं मी" हा हिशोबच उरला नाही.

दुसरा विषय स्क्रीन. ढम्या फोन बघत जेवतो. चिमणीला आम्ही जेवताना देत नाही. आता एका टेबलवर एकाला दिसतोय आणि एकीला नाही, तर काय होणार ते आई-बाप असाल तर कळेलच. मी म्हणाले, सहा दिवस बंद ठेवूया का? मैत्रीण चिडली. म्हणाली, "तुझी जेवते गं. माझा नाही जेवत. सहा दिवस तो उपाशी राहिला तर तू बघणारेस का?" तिचं बरोबर होतं. यावर आम्हाला छान, दोघींना पटेल असं उत्तर सापडलं नाही. मुलांना आपापल्या खोलीत वेगळं जेवू घालायचं, एवढंच ठरलं. दोन्ही घरांनी डाळ-तांदूळ भाजून काढलेली भरड, मेतकूट, नाचणीसत्त्व आणि एक छोटा राइस कुकर नेला होता. हॉटेलला आधी विचारून घेतलं. सहाला मुलांचं खोलीत जेवण, सातला झोप, मग मोठ्यांचं व्हरांड्यात जेवण, गप्पा. चौघांनी मिळून गरम जेवण जेवायला आम्हाला दोन वर्षांनी मिळालं, त्यामुळे हा तोडगा बरा वाटायला लागला.

तिसरा, कुणाच्या मुलाला कुणी ओरडायचं? आपापल्या मुलाला आपण. अपवाद तीन: पाणी, रस्ता आणि गरम वस्तू. तिथे जो जवळ असेल त्याने आधी उचलायचं, सॉरी नंतर.

आणि चौथा विषय पाण्याचा. यासाठी मी हा एपिसोड करतेय, तेव्हा दुसरं काम करत ऐकत असाल तर आता जरा लक्ष द्या.

दोन मोठी माणसं एका मुलाबरोबर बीचवर असली तर कोण बघतंय हे साधारण कळतं. चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, तिघं आहेत ना. आपण सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो. दहा जणांच्या ग्रुपवर अलर्ट आला की कुणीच उचलत नाही. म्हणून तर ऑन-कॉल असतो, एका वेळी एकच नाव. आणि बुडणारं लहान मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्यात असताना आवाज निघणारच कसा? दोन वर्षांच्या मुलाला त्यासाठी खोल समुद्रही लागत नाही. घोट्याएवढं पाणी, हॉटेलचा पूल, भरलेली बादलीसुद्धा पुरते.

आम्ही एक लाल टोपी घेतली. भडक, कुणालाच न शोभणारी. ती ज्याच्या डोक्यावर, त्याची पाळी. वीस मिनिटं. पाळी असलेल्याकडे फोन नाही, पुस्तक नाही, फोटो काढायचे नाहीत, पाण्यात असताना मूल हाताच्या अंतरावर. दोन्ही मुलं पाण्यात असतील तर दोघं पाळीवर, प्रत्येकाकडे एक मूल, दुसऱ्याला साधी टोपी उलटी घालायची. वीस मिनिटं झाली की तोंडाने बोलून पाळी द्यायची. "आता तू." "हो, आता मी." समोरच्याने "आता मी" म्हटल्याशिवाय टोपी काढायची नाही. दंडावर बांधायचे हवेचे फुगे आम्ही नेलेच नाहीत. ते खेळणं आहे, त्याने जीव वाचत नाही, उलट आपण निर्धास्त होतो. बोटीसाठी मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट पुण्यातूनच घेतली, मांड्यांमधून पट्टा जाणारी, म्हणजे पाण्यात मूल खालून निसटत नाही.

नवऱ्याला हे सगळं जरा जास्त वाटलं होतं. "सुट्टीवर पण रोस्टर?" म्हणाला.

स्वराज द्वीपचा दुसरा दिवस, राधानगर, सकाळचे साडेआठ. लाल टोपी मैत्रिणीच्या नवऱ्याकडे. ढम्या आईजवळ वाळूत, चिमणी पाण्याच्या कडेला, तिच्या पोटऱ्यांपर्यंत पाणी. आम्ही तिघं पाच-सहा फुटांवर बसून कशावर तरी हसत होतो. एक लाट आली, मोठीही नव्हती. परत जाताना तिने चिमणीच्या पायाखालची वाळू नेली. ती तोंडावर पडली आणि तशीच राहिली. तिने हात मारले नाहीत, आवाज नाही, काही नाही. मैत्रिणीच्या नवऱ्याने तिला उचललं तेव्हा आम्ही वळलो, कारण तेव्हा ती खोकली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दोन सेकंद. आम्ही तिघंही त्याच दिशेला तोंड करून बसलो होतो आणि तिघांनाही दिसलं नव्हतं.

तिला काही झालं नाही. एक मिनिट रडली, मग पुन्हा पाण्यात जायचं म्हणाली. मैत्रिणीचा नवरा टोपी घालून तसाच उभा होता, त्याचे हात थरथरत होते. माझ्या नवऱ्याने जाऊन त्याच्याकडून टोपी घेतली आणि म्हणाला, "आता मी." रोस्टरचा विषय नंतर कधी निघाला नाही.

राधानगरला एका टोकाला खाडीसारखं शांत पाणी आहे. लाटा नाहीत म्हणून मुलांना तिथे न्यावंसं वाटतं. नेऊ नका, तिथे पोहायला मनाई आहे. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, बोर्ड उगाच लावलेले नाहीत. आणि संध्याकाळी वाळूवर बसायचं तर मुलांना फुल पँट. तिथल्या वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि ते दिवसेंदिवस खाजतं.

दुसऱ्या कुटुंबाबरोबर जायचा सगळ्यात मोठा फायदा कुठला, तर एक सकाळ त्यांनी आमचं मूल सांभाळायचं, एक सकाळ आम्ही त्यांचं. आम्ही दोघं एलिफंट बीचला स्नॉर्केलिंगला गेलो. तीन तास कुणी "आई" म्हणून हाक मारली नाही. ते दोघं स्कूबाला गेले, तिसऱ्या दिवशी, कारण डाइव्हनंतर निदान एक दिवस तरी विमानात बसायचं नसतं. शेवटच्या दिवसासाठी ते ठेवू नका.

एक राहिलंच. शंख-शिंपले आणि प्रवाळ अंदमानातून आणायला बंदी आहे, एअरपोर्टवर बॅगा तपासतात. हे मोठ्यांना समजतं. दोन वर्षांच्या मुलीला समजावणं वेगळं. आम्ही पहिल्याच दिवशी खेळ केला, शंख गोळा करायचे आणि निघताना "समुद्राच्या घरी" परत ठेवायचे. चिमणीने शेवटच्या दिवशी सगळे परत ठेवले. ढम्याने एक तोंडात ठेवला होता. तो सिक्युरिटीच्या रांगेत, माझ्या मैत्रिणीच्या तळहातावर निघाला. तिथल्या मॅडमनी तो घेतला, ढम्याला टाटा केलं आणि पुढे जायला सांगितलं.

पाकिटात शेवटी २,३०० रुपये उरले. ते अजून माझ्याकडेच आहेत, पुढच्या ट्रिपचे म्हणून. तारकर्ली म्हणतायत. लाल टोपी त्यांच्याकडे आहे. चला, टाइड टेबल कसं वाचायचं यावर एक छोटा भाग पुढच्या आठवड्यात करते. बाय!